दुसरो डबो कित्याक?

यंदा गणपतीला मालवणच्या घरी जाताना स्टिरिओची जोडी सोबत नेली होती. माटवीखाली गणपती आणि त्याच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून दोन मीटरवर, एकेक स्पीकर. मी समोर मधोमध सतरंजीवर बसून अभंग ऐकत होतो आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज थेट मूर्तीच्या जागेवरून येत होता. डावीकडच्या खांबाला टेकून बसलेले काका मात्र वैतागले होते. "गाणारी ह्याच डब्यात बसली हा. मगे दुसरो डबो कित्याक?"

चुलतभावाचं निदान तयार होतं: तारा स्वस्तातल्या. मीटरला हजारो रुपये पडणाऱ्या तारा बाजारात मिळतात हे खरं, पण चार-पाच मीटरच्या घरगुती जोडणीत पुरेशा जाडीच्या साध्या तांब्याच्या तारेपेक्षा त्या जास्त काही ऐकवत नाहीत. शेजाऱ्यांनी विजेची वस्तू आग्नेयेला ठेवायला सांगितलं. आग्नेय कुठली हे ध्वनिलहरीला ठाऊक नसतं. काकांची तक्रार अंतराची होती.

मध्ये स्पीकरच नाही, तर आवाज मधून कसा येतो? तोच आवाज, तेवढाच मोठा, दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी पोचला की मेंदू समजतो, गाणारी समोर आहे. सगळी मदार त्या 'एकाच क्षणी'वर. माझ्यापासून दोन्ही स्पीकर दोन-दोन मीटरवर होते. मी डावीकडे दीड वीत, म्हणजे ३५ सेंमी सरकलो, तर डावा स्पीकर सुमारे १.८५ मीटरवर येतो आणि उजवा २.२० मीटरवर जातो. फरक ३५ सेंमी. ध्वनी सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो, म्हणजे डाव्याचा आवाज जवळपास एक मिलिसेकंद आधी पोचतो. तेवढं पुरतं. आधी आलेला आवाज दिशा ठरवतो, मागून आलेला त्यातच मिसळून जातो आणि गायिका उठून डाव्या डब्यात जाऊन बसते. काका तर मध्यापासून चांगले दीड मीटर दूर.

पण मला खरा रस आहे तो पुढच्या भानगडीत, कारण ती मधोमध बसणाऱ्यालाही सोडत नाही. गायिका खरोखर समोर बसली असती, तर तिचा आवाज प्रत्येक कानात थेट एकदाच शिरला असता. दोन स्पीकर असले की तो दोनदा शिरतो. डाव्या कानात डाव्या स्पीकरचा आवाज आधी येतो. उजव्याचा आवाज डोक्याला वळसा घालून येतो, सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा. आता २००० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला २००० आवर्तनांची लहर घ्या. तिचं एक आवर्तन अर्ध्या मिलिसेकंदाचं, म्हणजे पाव मिलिसेकंदाचा उशीर हे बरोबर अर्धं आवर्तन झालं. पहिलीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकदम येतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. उजव्या कानात हेच, आरशातल्यासारखं. अगदी शून्य होत नाही, कारण डोक्याच्या आडोशामुळे उशिरा येणारी लहर थोडी अशक्त असते आणि भिंतींवरून परतलेला आवाजही खड्डा काहीसा बुजवतो. १००० हर्ट्झला हाच उशीर फक्त पाव आवर्तनाचा, तिथे फारसं बिघडत नाही. ४००० ला तो पूर्ण आवर्तनाचा, तिथे उलट भर पडते.

म्हणजे मधल्या आवाजाचा नेमका एक तुकडा कुरतडला जातो. व्यंजनांची धार याच्या आसपास आणि थोडी वर असते, म्हणून शब्द किंचित मऊ, लांबचे वाटतात. एका बाजूला ध्वनिमुद्रित केलेली पेटी मात्र खणखणीत ऐकू येते, कारण ती एकाच स्पीकरमधून येते.

मध्ये तिसरा स्पीकर असलेला बरा, हे जुन्यांना ठाऊक होतं. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचं वादन टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवलं, तेव्हा आवाजाच्या वेगवेगळ्या वाहिन्या तीन होत्या: डावी, मधली, उजवी. मग घरात दोनच का आल्या? १९५८ पासून बाजारात रुळलेल्या स्टिरिओ तबकडीच्या खाचेला भिंती दोनच. एकीवर डावा, दुसरीवर उजवा. तिसऱ्याला जागाच नव्हती.

विसर्जनानंतर मधली जागा मोकळी झाली. तिथे स्टुलावर एक जुना स्पीकर ठेवला. (चौरंगावर आजीने ठेवू दिला नाही.) दोन्ही वाहिन्यांचे, मुख्य अॅम्प्लिफायरमध्ये शिरण्याआधीचे क्षीण संकेत एकेका रेझिस्टरमधून एकत्र करून वेगळ्या छोट्या अॅम्प्लिफायरला दिले. अॅम्प्लिफायरच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन लाल तारा एकमेकींना पिळून हे करू नका, अॅम्प्लिफायर जळेल. मधल्या स्पीकरचा आवाज दोन्ही कानांत एकदम शिरतो, त्यामुळे तो २००० हर्ट्झचा खड्डा बराच भरतो. शब्द लगेच पुढे आले.

काका मात्र म्हणाले, "बाय मधी इली, पण तबलो खय गेलो?" बरोबर होतं. साध्या बेरजेत डावीकडचा तबलाही मध्ये शिरतो आणि सगळी मैफल एका स्टुलावर गोळा होते. मधला आवाज कमी केला की तबला परततो, पण काकांच्या कानाशी डावा स्पीकर पुन्हा आधी बोलू लागतो. यावर उपाय वजाबाकीचा. डाव्या स्पीकरला 'डावा उणे थोडा उजवा' द्यायचा आणि उजव्याला 'उजवा उणे थोडा डावा'. गायिकेचा आवाज दोन्हींत सारखा, म्हणून बाजूंना तो घटतो. तबला फक्त डाव्यात, म्हणून तो डावीकडे पूर्ण राहतो आणि उजवीकडे उलट्या चिन्हाने थोडा उमटतो, जो त्याला मध्याकडून परत बाहेर ढकलतो. इंग्लंडचे ध्वनितज्ज्ञ मायकेल गर्झन यांनी हे गणित तपशिलात मांडलं, कमी आणि जास्त वारंवारतांना वेगवेगळं प्रमाण देऊन. पाच स्पीकर चालवणाऱ्या बऱ्याच होम थिएटर रिसीव्हरांत सामायिक भाग मध्ये पाठवण्याची सोय असते, तीही चालते.

एक गोष्ट मी आधी विसरलो होतो. तिन्ही स्पीकर सरळ रेषेत ठेवले, तर मधला २७ सेंमी जवळ पडतो आणि पाऊण मिलिसेकंद आधी बोलतो. तो मागे सरकवायला भिंत आड आली, म्हणून माझ्या जागेपासून सुतळी धरून बाजूचे दोन्ही पुढे ओढले. डावा स्पीकर काकांच्या खांबाला जवळजवळ टेकला. काकांनी खांब बदलला.