पार्श्वभूमी: बंद पडलेली लॅपटॉप डिस्क आणि आत अडकलेल्या फायली

ठाण्यात कुणाच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क उडाली की एके काळी रस्ता ठरलेला होता. लोकलने ग्रँट रोड गाठायचं, लॅमिंग्टन रोडवर त्याच मॉडेलची जुनी डिस्क हुडकायची, तिच्या पाठीवरचा हिरवा बोर्ड काढून आपल्या डिस्कला लावायचा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढची काही वर्षं हे पुष्कळदा जमायचं. आजही नौपाड्यात किंवा वाशीत हा उपाय छातीठोकपणे सांगणारे भेटतात, पण आता तो जवळजवळ कधीच लागू पडत नाही. मधल्या काळात डिस्क बनवणाऱ्यांनी काय काय बदललं, हे पाहिलं तर त्याचं कारण कळतं.

फार मागे जायची गरज नाही. 1956 ची पहिली हार्ड डिस्क म्हणजे 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्यांचं कपाट होतं आणि त्यात 50 लाख अक्षरं मावत. लॅपटॉपचा इतिहास 1988 पासून धरावा. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने अडीच इंची डिस्क आणली, क्षमता 20 एमबी. तो अडीच इंची आकार शेवटपर्यंत टिकला, पण आतलं अंतर आक्रसत गेलं. हेड (तबकडीवरचा डेटा वाचणारं-लिहिणारं टोक) आणि तबकडी यांच्यातली फट आता काही नॅनोमीटरची असते. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते. डिस्क थांबली की हेड तबकडीबाहेरच्या उतारावर जाऊन बसतं. चालू लॅपटॉप आपटला तर ते तिथे पोचायच्या आत तबकडीवरच चिकटतं, मोटर फिरू शकत नाही आणि बारीक ‘बीप’ असा आवाज येतो. 2003 पासून काही लॅपटॉपांत धक्का ओळखून हेड बाजूला घेणारा सेन्सर आला. मात्र गर्दीच्या डब्यात रॅकवरून बॅग खाली येते तेव्हा तोही दर वेळी वेळेत पोचतो असं नाही.

आता बोर्डाकडे येऊ. सुरुवातीच्या काळात एका मॉडेलचे सगळे बोर्ड सारखेच असत. तबकड्यांवरची दाटी वाढली तसं प्रत्येक हेड थोडं वेगळं वागतं हे कारखान्यांना लक्षात घ्यावं लागलं. मग प्रत्येक डिस्कची कारखान्यातच जुळणी होऊ लागली. त्या जुळणीचे आकडे थोडे तबकडीवरच्या राखीव भागात आणि थोडे बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये लिहिले जाऊ लागले. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावला की आकडे दुसऱ्याचे येतात. हेड चुकीच्या अंदाजाने फिरतं आणि डिस्क टिकटिक करू लागते. मूळ बोर्डावरची रॉम चिप काढून नव्या बोर्डावर बसवली तर काम होतं. पण त्यासाठी हॉट एअर गन आणि स्थिर हात हवा, आणि काही मॉडेलांत ती चिप वेगळी नसतेच, मुख्य प्रोसेसरच्याच पोटात असते. गल्लीतल्या दुकानाच्या हातून हे काम निसटलं ते इथे.

ठाणे जिल्ह्यात 2000 च्या दशकात भारनियमन रोजचं होतं. बॅटरीमुळे लॅपटॉप वाचायचा. पण जुन्या लॅपटॉपची डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून डेस्कटॉपला लावायची पद्धत सर्रास होती, आणि वीज परत येताना बसणारा झटका त्या डिस्कच्या बोर्डाला लागायचा. यातली दिलाशाची बाब अशी की अशा वेळी अनेकदा फक्त संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असतो. तो स्वतः मरून बाकीच्यांना वाचवतो. तो काढला की डिस्क कॉपी करण्यापुरती चालू होते. हे ठाऊक नसल्याने कित्येक डिस्का ‘बोर्ड गेला’ म्हणून भंगारात गेल्या असणार.

पाण्याचंही तसंच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. ठाणे, कल्याण, बदलापूर पट्ट्यातल्या सखल भागांत घरं-दुकानं पाण्याखाली गेली. पुढे लोकांनी भिजलेल्या डिस्का उन्हात ठेवल्या, तांदळात पुरल्या. डिस्क हवाबंद नसते. तिच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं आणि तिथून पाणी आत जातं. ते वाळलं की गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात. म्हणून भिजलेली डिस्क वाळवू नये, ओलसर ठेवूनच डेटा रिकव्हरी लॅबकडे द्यावी. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा तोडगाही याच काळातला. थंड देशांत तो कधीमधी चालला असेल. कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत डिस्क बाहेर काढताच आत-बाहेर दव जमतं.

2009 च्या जानेवारीत एक वेगळं प्रकरण झालं. ते डेस्कटॉप डिस्कचं होतं, पण त्याचा धडा सगळ्यांना लागू आहे. एका मालिकेतल्या धडधाकट डिस्का फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) चुकीमुळे अचानक ओळखू येईनाशा झाल्या. हेड, तबकडी, बोर्ड सगळं शाबूत होतं. सिरीयल केबल जोडून काही आज्ञा दिल्या की फायली जशाच्या तशा परत मिळत. ‘डिटेक्ट होत नाही’ म्हणजे ‘गेली’ नव्हे, हे तेव्हा कारागिरांच्या डोक्यात पक्कं बसलं. 2011 च्या ऑक्टोबरात थायलंडमधल्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले आणि काही आठवड्यांत किमती दुपटीच्या आसपास गेल्या. मग लोक जुनीच डिस्क रेटू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस उत्पादकांनी अनेक मॉडेलांची वॉरंटीही कमी केली. अर्थात वॉरंटीत नवी डिस्क मिळते, फायली नाही. उलट जुनी डिस्क कंपनीकडे जमा करावी लागते. घरातले फोटो हवे असतील तर हा सौदा तोट्याचाच.

सॉफ्टवेअरच्या बाजूला 2004 मध्ये आलेलं डीडीरेस्क्यू महत्त्वाचं. मरू घातलेल्या डिस्कवर थेट रिकव्हरी चालवायची नाही. आधी चांगला भाग पटापट उचलून तिची प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) काढायची, अडलेल्या जागा मागे ठेवायच्या आणि शेवटी त्यांच्याकडे वळायचं. सगळ्या चांगल्या कारागिरांची आजही हीच पद्धत आहे. याच्या उलट, आधी विंडोजमधली चेकडिस्क चालवण्याची सवय आहे. चेकडिस्क फाइल सिस्टिम (फायलींची नोंदवही) नीट करायला जाते आणि बॅड सेक्टर (वाचता न येणाऱ्या जागा) असलेल्या डिस्कवर उरलंसुरलं विस्कटून टाकते.

मराठी घरांत इथे एक जास्तीची अडचण येते, आणि रिकव्हरीच्या इंग्रजी पुस्तिकांत ती सापडणार नाही. फाइल सिस्टिम गेली की फायलीच्या सुरुवातीच्या नुसत्या खुणेवरून उचललेल्या फायलींना नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. अशा हजारो डॉक फायलींतून वारसपत्राचा मसुदा शोधायचा तर आतल्या मजकुरात शोध घ्यायचा, हे ओघानेच आलं. पण 2000 च्या दशकातला बराचसा मराठी मजकूर युनिकोडपूर्व (आजच्या प्रमाणित लिपी-संकेताआधीच्या) फॉन्टांमध्ये टंकलेला आहे. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. युनिकोडमध्ये ‘वारस’ टाकून शोधलं तर काहीच हाती लागत नाही. त्याच फॉन्टच्या कीबोर्डवर शब्द टंकून, त्यातून जी चिन्हं निघतील तीच शोधावी लागतात. डीटीपीची कामं केलेल्या माणसाला हे चटकन सुचतं, लॅबमधल्या तरुणाला नाही.

नंतरच्या काळात लॅपटॉपच्या मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये ट्रॅक (तबकडीवरच्या डेटाच्या गोल रांगा) एकमेकांवर कौलांसारखे चढवले जाऊ लागले. त्यामुळे कुठला डेटा खरोखर कुठे आहे याचा नकाशा डिस्क आतल्या आत ठेवते. तो नकाशा बिघडला तर तबकडी निरोगी असूनही वाचताना शून्यं येतात. 2020 मध्ये यावरून वाद झाला तो डिस्क कुठल्या पद्धतीची आहे हे पाकिटावर लिहिलं नव्हतं म्हणून. रिकव्हरीचं काय, हे कुणी फारसं विचारलं नाही.

सर्वांत वादाचा निर्णय मात्र डिस्क बनवणाऱ्यांचा नाही. विंडोजमध्ये डेटा सांकेतिक करून डिस्क कुलूपबंद करण्याची सोय 2007 पासून आहे, पण तेव्हा ती महागड्या आवृत्त्यांत होती आणि मुद्दाम चालू करावी लागे. 2013 च्या 8.1 आवृत्तीपासून योग्य हार्डवेअर असलेल्या यंत्रांवर ती आपोआप चालू होऊ लागली. 2024 मध्ये विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत हार्डवेअरच्या अटी आणखी सैल झाल्या आणि नव्याने बसवलेल्या विंडोजवर घरगुती लॅपटॉपही सर्रास कुलूपबंद होऊ लागले. रोजच्या वापरात हे जाणवतच नाही, कारण मदरबोर्डवरची सुरक्षा चिप मुकाट्याने कुलूप उघडून देते. मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली की ती 48 आकडी किल्ली मागते.

या आपोआप लागणाऱ्या कुलपाची बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. ठाण्याहून रोज लोकलने जाणाऱ्या माणसाचा लॅपटॉप चोरीला गेला तर पॅन, आधारच्या प्रती आणि बँकेची स्टेटमेंट चोराच्या हाती पडू नयेत, हे कोण नाकारेल? किल्लीही हरवत नाही, ती वापरकर्त्याच्या ऑनलाइन खात्यात जमा होते. पण ते खातं कुणाचं? आपल्याकडे नवा लॅपटॉप दुकानदार ‘सेटअप करून’ देतो, किंवा पुण्याचा भाचा येतो तेव्हा लावून देतो. जो ईमेल त्या वेळी टाकला, किल्ली त्याच्याकडे जाते. दुकानदाराने काम उरकण्यापुरता काढलेला ईमेल असला तर पासवर्ड त्यालाही आठवत नाही. कुलूप लावलंय हे मालकाला सांगितलेलंच नसतं, आणि खटकतं ते हेच. चोरापासून संरक्षण हवं असेल तर ते विचारून द्यावं. न विचारता दिलेल्या कुलपाची किल्ली सांभाळायची जबाबदारी मात्र ज्याला कुलपाचा पत्ताच नाही त्याच्यावर येते. घरगुती लॅपटॉप चोरीला जाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा नुसते बंद पडतात, हे दुरुस्तीच्या काउंटरवर कुणीही सांगेल. असाच प्रकार काही पोर्टेबल डिस्कमध्ये आधीपासून आहे. पासवर्ड कधीच ठेवला नाही, तरी यूएसबीची चिप सगळा डेटा सांकेतिक करूनच लिहिते. त्यामुळे बोर्ड मेला की आतली डिस्क काढून थेट जोडण्यात अर्थ उरत नाही.

लॅबचा ‘क्लीन रूम’चा (धूळमुक्त खोलीचा) दर या सगळ्यापासून वेगळा. क्लास 100 म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण 100 पेक्षा जास्त नकोत. डिस्क उघडून हेड बदलायचं असेल तरच त्याची गरज पडते. किल्ली हरवलेल्याला किंवा डायोड जळालेल्याला क्लीन रूमचं बिल लावत असतील तर कारण विचारावं.

नव्या लॅपटॉपांत फिरणारी डिस्क जवळपास उरलेली नाही. एसएसडीवर (तबकडीऐवजी मेमरीच्या चिपांवर साठवणाऱ्या डिस्कवर) पुसलेली फाइल ट्रिम आज्ञेमुळे, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागा कळवणाऱ्या आज्ञेमुळे, थोड्याच वेळात खरोखर जाते. विंडोजमध्ये ती आज्ञा 2009 च्या विंडोज 7 पासून आहे. काही पातळ यंत्रांत मेमरीच्या चिपा थेट मदरबोर्डवर झाळलेल्या असतात आणि किल्लीही तिथल्याच चिपमध्ये असते. तिथे डोनर डिस्क (सुटे भाग काढायला आणलेली जुनी डिस्क), क्लीन रूम, बोर्डाची अदलाबदल यांतलं काहीच चालत नाही. चिप-लेव्हल काम करणाऱ्याने तोच बोर्ड फायली उतरवून घेण्यापुरता एकदा चालू करून दिला, तरच त्या मिळतात.