जर्मनीत ओ-पेअर म्हणून जाण्यासाठी: पात्रता, करार आणि व्हिसाचा अर्ज

ओ-पेअर हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. यजमान कुटुंबात राहायचे, मुलांना सांभाळण्यात आणि घरातील हलक्या कामांत हातभार लावायचा आणि त्याबदल्यात राहण्याजेवणाची सोय, हातखर्च व भाषा शिकण्याची संधी मिळवायची, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे. हा पगार नसून हातखर्च आहे, हे अर्जदाराने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे, कारण व्हिसा अधिकारी संपूर्ण अर्ज याच दृष्टीने वाचतो. जर्मन भाषा आणि तिथले जीवन जवळून पाहणे हा हेतू कागदपत्रांतून दिसला पाहिजे. नुसती कमाई दिसली, तर बाकी कागद चोख असूनही अर्ज अडू शकतो.

पुढील माहिती युरोपीय संघाबाहेरच्या अर्जदारांसाठी आहे. संघातील नागरिकांना व्हिसा किंवा परवाना लागत नाही.

अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे पूर्ण असावे आणि व्हिसासाठी अर्ज करतेवेळी २७ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. येथे अर्जाची तारीख पाहिली जाते, प्रवासाची नव्हे. त्यामुळे सत्ताविसाव्या वर्षात असलेल्या व्यक्तीने मुलाखतीची वेळ मिळायला लागणारे आठवडेही हिशेबात धरावेत. जर्मन भाषेचे ए-१ पातळीचे प्राथमिक ज्ञान आवश्यक असून गोएथे इन्स्टिट्यूट किंवा टेल्क यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र जोडणे सोयीचे ठरते. प्रमाणपत्र असूनही मुलाखतीत साध्या जर्मनमध्ये प्रश्न विचारले जाऊ शकतात: कुटुंबात मुले किती, त्यांची वये काय, गाव कुठले, तुम्ही तिथे काय करणार. पाठ केलेली उत्तरे येथे उघडी पडतात. पूर्वी जर्मनीत ओ-पेअर म्हणून राहून आलेल्या व्यक्तीला पुन्हा त्याच कारणासाठी परवाना मिळत नाही.

अटी कुटुंबालाही लागू आहेत. घरात किमान एक अल्पवयीन मूल असले पाहिजे आणि जर्मन मातृभाषा म्हणून बोलली गेली पाहिजे. ती मातृभाषा नसून केवळ घरात रोज वापरली जाणारी भाषा असेल, तर ओ-पेअर यजमान पालकांच्या मूळ देशातील असून चालत नाही. आपल्याच देशातून तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबाचे निमंत्रण अनेकांना सोपा मार्ग वाटतो, पण तो या अटीवर अडतो. नात्यातील कुटुंबाकडे ओ-पेअर म्हणून जाता येत नाही.

सर्वांत काळजीपूर्वक वाचायचा कागद म्हणजे उभय पक्षांनी सह्या केलेला ओ-पेअर करार. वास्तव्य किमान ६ महिन्यांचे आणि कमाल एक वर्षाचे असते. काम दिवसाला ६ तास आणि आठवड्याला ३० तास यांपलीकडे जाऊ नये. आठवड्यातून किमान दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या आणि महिन्यातून किमान एक रविवार सुट्टीचा, असा नियम आहे. महिन्याला २८० युरो हातखर्च आणि भाषावर्गासाठी ७० युरो कुटुंबाने द्यायचे असतात, तसेच आजारपण, बाळंतपण व अपघात यांचा विमाही कुटुंबानेच काढायचा असतो. पूर्ण वर्षासाठी चार आठवड्यांची भरपगारी म्हणावी अशी रजा मिळते, म्हणजे त्या काळातही हातखर्च चालू राहतो. ओ-पेअरला स्वतंत्र खोली मिळायला हवी. मुलांच्या खोलीतला पलंग किंवा दिवाणखान्यातला सोफा म्हणजे खोली नव्हे.

तासांचा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहिल्याशिवाय त्यातली खोच कळत नाही. समजा, कुटुंबाने सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ८.३० आणि दुपारी ३.३० ते ७ अशी वेळ दिली. रोजचे ५ तास, आठवड्याचे २५. वर दोन दिवस रात्री आईवडील बाहेर जाणार म्हणून अडीच-अडीच तास मुलांजवळ थांबायचे. एकूण बरोबर ३० भरतात आणि करार नियमात बसल्यासारखा वाटतो. मात्र त्या दोन दिवसांचे काम साडेसात तासांचे होते आणि दिवसाची मर्यादा मोडते. त्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवली, तर ६ तास होतात आणि प्रश्न मिटतो. मुले झोपलेली असतानाचे थांबणेही कामातच मोजायचे. त्यामुळे ‘गरजेनुसार मदत’ अशी मोघम ओळ न स्वीकारता वेळापत्रक लिहून मागावे. मागायला संकोच वाटतो हे खरे, पण हा संकोच एका ईमेलपुरता असतो. मुलांचा नाश्ता, त्यांचे कपडे, शाळेत ने-आण ही कामे अपेक्षित आहेत. आजारी किंवा वृद्ध व्यक्तीची शुश्रूषा या कामात येत नाही.

कुटुंब स्वतः शोधता येते किंवा संस्थेमार्फत. जर्मनीतील संस्थेला ओ-पेअरकडून मध्यस्थीपोटी जास्तीत जास्त १५० युरो घेता येतात. व्हिसा किंवा विम्याच्या नावाखाली आगाऊ पैसे मागणारे ‘कुटुंब’ दिसल्यास तिथेच थांबावे. सही करण्यापूर्वी मुलांसह व्हिडिओ कॉल करणे हा साधा आणि उपयोगी उपाय आहे.

अर्ज राष्ट्रीय व्हिसाचा म्हणजे ‘डी’ प्रकारचा असतो आणि तो राहत्या देशातील जर्मन वकिलातीकडे करावा लागतो. शुल्क ७५ युरो. सोबत पासपोर्ट, बायोमेट्रिक छायाचित्रे, ओ-पेअर करार, भाषा प्रमाणपत्र, जन्मतारीख व शिक्षणाचे पुरावे, विम्याची कागदपत्रे, जीवनवृत्त आणि हेतुपत्र लागते. प्रतींची संख्या आणि भाषांतराची अट वकिलातीनुसार बदलते, म्हणून तिथली यादी समोर ठेवूनच संच लावावा. हेतुपत्रात ‘मला मुले आवडतात’ एवढेच लिहून भागत नाही. मुले कधी, कुठे सांभाळली, जर्मन का शिकायची आहे आणि परतल्यावर पुढे काय करणार, हे आपल्या शब्दांत आणि जीवनवृत्ताशी जुळेल असे लिहावे. शिक्षणात दोन वर्षांचा खंड असेल तर तो लपवू नये, कारण सांगावे.

वकिलात अर्जावर जर्मनीतील रोजगार विभागाची संमती घेते. निर्णयाला काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न होणारे तिकीट काढू नये.

पोहोचल्यावर राहत्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नोंदणी कार्यालयात करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते. व्हिसा पूर्ण मुक्कामाचा नसेल, तर त्याची मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करायचा. मोठ्या शहरांत तिथली वेळ मिळायला उशीर होतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मागणी नोंदवणे बरे.

कुटुंबाशी जुळले नाही, तर कराराप्रमाणे पूर्वसूचना देऊन बाहेर पडता येते. ही मुदत सहसा १४ दिवसांची असते, आणि गंभीर कारण असल्यास करार तत्काळ संपवता येतो. नवे कुटुंब शोधता येते, मात्र त्याची माहिती परदेशी नागरिक कार्यालयाला ताबडतोब द्यावी लागते. नव्या कुटुंबाकडे वर्षाची मोजणी नव्याने सुरू होत नाही. आधीच्या घरी गेलेले महिने त्यातच धरले जातात.