गावठी, शुद्ध, खिचडी: बोलण्याला पडलेली नावं

यवतमाळकडचा पोट्टा शिकायला पुण्याला गेला की पहिल्याच आठवड्यात त्याला कळते की आपण बोलतो ते 'गावठी' आहे. मले-तुले म्हटलं की रूममेट हसतात, 'काय करून राह्यला बे' म्हटलं की मुद्दाम पुन्हा म्हणायला लावतात, अन् हाच पोट्टा दिवाळीत घरी येऊन चुकून 'मला' बोलला की इकडचे म्हणतात, आला पुणेरी झाडणारा. गावठी, शुद्ध, पुस्तकी, साहेबी, टपोरी, खिचडी, अशी नावं सगळ्या जगात ठेवतात, आणि भाषाशास्त्रवाल्यांनी तपासलं तर यातली बरीचशी नावं बोलणाऱ्या माणसाकडे पाहूनच पडलेली निघाली.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये वॉलेस लॅम्बर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग १९६० साली छापून आला. दोन्ही भाषा अस्खलित येणाऱ्या माणसांकडून त्याने एकच उतारा एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला अन् टेप पोरांना ऐकवली, पोरांना वाटलं दर वेळी माणूस वेगळा आहे, मग विचारलं हा माणूस हुशार वाटते का, भरवशाचा वाटते का, उंच असेल का (हो, उंचीसुद्धा!). माणूस तोच, पण इंग्रजी आवाजाला मार्क जास्त. पुढचं वाचून मला तरी वाईट वाटलं, फ्रेंच घरातल्या पोरांनीही आपल्याच भाषेतल्या आवाजाला कमी मार्क दिले, काही बाबतीत तर इंग्रजी पोरांपेक्षाही कमी.

आता कोणी म्हणेल, काही उच्चार मुळातच खराब असतात. न्यूयॉर्कमध्ये विल्यम लबॉव्ह नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली मोठमोठ्या दुकानांत जाऊन असा प्रश्न विचारला की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' हेच येईल. महागड्या दुकानातले नोकर 'र' बऱ्याचदा स्पष्ट म्हणत, स्वस्त दुकानातले बहुतेक गिळून टाकत. आणि इंग्लंडात उलटं, तिथे असा 'र' गिळणंच साहेबी!

आपल्याकडे हा झगडा 'ळ'वर आहे. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होते, काळ्याचा काया होते, अन् शाळेत याच्यासाठी किती पोरांचे कान पिळले गेले असतील देव जाणे. पण ज्या संस्कृतकडे बोट दाखवून शुद्ध-अशुद्ध ठरवतात तिथे 'ळ' वेदात सापडते आणि पुढच्या अभिजात संस्कृतात गायब होते, तिकडे फल अन् कमल, आपल्याकडे फळ अन् कमळ. त्या हिशोबाने पुण्यातलेही नापास, पण त्यांना कोणी गावठी म्हणत नाही.

खिचडीचं पाहा. 'डीपीचा फ्यूज उडला, वायरमनले फोन लावून राह्यलो', यात नामं बहुतेक इंग्रजी, पण चा, ले, लावून राह्यलो हे सगळे सांधे वऱ्हाडी, त्यामुळे वाक्य वऱ्हाडीच आहे. अर्धं वाक्य एका भाषेत अन् अर्धं दुसऱ्या भाषेत, ही वेगळी गोष्ट, नागपूरच्या हिंदी-मराठीत ती रोज ऐकू येते. लोकांना वाटते असं बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा कच्च्या. भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅक यांनी १९८० साली न्यूयॉर्कमधल्या, स्पॅनिश अन् इंग्रजी बोलणाऱ्या पोर्तो रिकोच्या लोकांवरचा अभ्यास छापला, त्यात वाक्याच्या मधोमध भाषा बदलणारे जास्त करून दोन्ही भाषा पक्क्या असलेलेच निघाले, अन् बदलतानाही व्याकरण सहसा मोडत नव्हतं. याच मिसळीला आपल्याकडे 'धेडगुजरी' म्हणतात, तो शब्द तर सोडाच, त्यात सरळ जातीची शिवी आहे.

मला सगळ्यात खटकते ते 'आदिवासी भाषा' हे नाव, एकवचनात, जशी काही एकच आहे. गोंडी अन् कोलामी द्रविड कुळातल्या, म्हणजे तेलुगूच्या नात्यातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली, तिची नातलग संथाळी. मराठी अन् इंग्रजी एकाच मोठ्या कुळातल्या असल्याने त्यांचं दूरचं का होईना नातं आहे, कोरकूचं गोंडीशी तेवढंही सिद्ध झालेलं नाही.

आणि बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली आहे, बोलणारे फार तर दोन-अडीच हजार. तिच्यात कोरकूचे शब्द भरपूर, मराठीचेही आहेत, पण ते बाजूला काढले की उरलेल्या बऱ्याच शब्दांना जगात कुठेच नातेवाईक सापडत नाही. कायपर नावाच्या डच अभ्यासकाने १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात एक शंकाही काढली, की ही कदाचित लोकांना कळू नये म्हणून बनवलेली गुप्त बोली असेल, चोरांची असते तशी. जुन्या नोंदींत निहाल लोकांवर लुटारू हा शिक्का होताच. आज बहुतेक अभ्यासक तिला स्वतंत्र, एकटीच उरलेली भाषा मानतात, अन् ती शिकायला कोणी चोर व्हावं लागत नाही, निहाल पोरं ती आईबापाकडूनच शिकत आली.