ऑलिव्हच्या पानांचा अर्क आणि आतड्यांची सूज

‘ऑलिव्हच्या पानांच्या अर्काने अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार) मुळापासून बरा होतो, गोळ्या सोडा,’ असा मेसेज फिरत असतो. त्याला थोडा आधार आहे: पानांतल्या ओल्युरोपीन या घटकाने उंदरांच्या आतड्यांची सूज उतरलेली दिसली. पण ती सूज रसायन पाजून काही दिवसांत आणलेली असते. माणसाचा आजार वर्षानुवर्षे उलटत राहतो, आणि तो या अर्काने बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून दावा वाचताना प्रयोग कोणावर झाला, ते आधी पाहा.

पोट शांत वाटलं तरी आत सूज असू शकते. शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असताना शौचात वाढणारं प्रथिन) चाचणी करा: प्रति ग्रॅम 50 मायक्रोग्रॅमखाली साधारण ठीक, 250 च्या वर सहसा सूज चालू. मेसालामिन (या आजारावरचं नेहमीचं औषध) मनाने थांबवलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. अर्क रक्तदाब आणि साखरही उतरवू शकतो. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा.