दहा लाखांत एक अणू

धातू थंड करत नेला की त्याचा विद्युतरोध घटत जातो, कारण अणूंची थरथर मंदावते आणि इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी होते. मात्र 1934 साली हॉलंडमधील लायडेन येथे द हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सोन्याच्या तारेत सुमारे 4 केल्व्हिनखाली रोध पुन्हा वाढताना दिसला. हे कोडे सुटायला तीस वर्षे लागली. 1964 साली जपानी भौतिकशास्त्रज्ञ जून कोंडो यांनी दाखवले, की दोष सोन्याचा नसून त्यात मिसळलेल्या लोहासारख्या चुंबकीय अणूंचा आहे. अशा अणूवर आदळताना इलेक्ट्रॉनाची आणि त्या अणूची स्पिन (त्यांच्या अंगच्या चिमुकल्या चुंबकाची दिशा) एकाच वेळी उलटू शकते, आणि तापमान उतरेल तसा या टकरींचा प्रभाव वाढत जातो.

नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या तारांत हेच अणू निराळा उपद्रव करतात. तिथे इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो आणि निर्जीव अडथळ्यांवर कितीही आदळला तरी आपली कला (चंद्राची नव्हे, लाटेची, म्हणजे तिच्या चढउताराची लय) सांभाळून ठेवतो. परंतु टकरीत चुंबकीय अणूची स्पिन उलटली, तर त्या अणूवर खूण उमटते आणि लाटेचा स्वतःशी होणारा मेळ, म्हणजे व्यतिकरण, बिघडतो. 100 नॅनोमीटर रुंद, 50 नॅनोमीटर जाड आणि 1 मायक्रोमीटर लांब अशा सोन्याच्या तुकड्यात सुमारे 30 कोटी अणू असतात, म्हणजे दहा लाखांत एक एवढी भेसळही जवळपास 300 उपद्रवी अणू आत आणते.

एवढ्याशा भेसळीने मोठा वादही पेटवला. तापमान उतरेल तसा कला टिकण्याचा काळ वाढत जावा, असे सिद्धांत सांगतो. पण 1997 साली मोहंती, जारीवाला आणि वेब यांनी सोन्याच्या तारांत तो एका मर्यादेवर थबकल्याचे दाखवले आणि त्याचे कारण निरपेक्ष शून्यालाही न थांबणाऱ्या क्वांटम आंदोलनांत शोधले. माझ्या मते खरे कारण भेसळच असल्याचा अधिक पटणारा पुरावा पिएर आणि बर्ज यांच्या 2002 सालच्या तांब्याच्या कड्यांवरील प्रयोगात आहे. पुरेसे चुंबकीय क्षेत्र लावले की भेसळीतल्या अणूंच्या स्पिन एका दिशेला जखडल्या जातात, त्या उलटवायला लागणारी ऊर्जा थंड इलेक्ट्रॉनांकडे नसते, आणि त्यांच्या कड्यांमध्ये व्यतिकरणामुळे रोधात दिसणारे चढउतार क्षेत्र वाढवल्यावर ठळक झाले. अतिशुद्ध चांदीच्या तारांत तर कला टिकण्याचा काळ अपेक्षेप्रमाणे वाढतच गेला.