पार्श्वभूमी : नागपूरचं संशोधन मोजायचं कुठून?

संशोधन संस्थेचं वर्षभराचं काम म्हणजे निबंध किती, ते उद्धृत किती झाले, पेटंटं किती आणि पीएच.डी. किती, हा हिशेब आता सवयीचा झाला आहे. नागपुरात नेहरू मार्गावर असलेल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, म्हणजे ‘नीरी’चा हिशेबही याच चार रकान्यांत भरला जातो. भरणाऱ्याने काळजी घेतली नाही तर पहिली सोळा वर्षं, म्हणजे १९५८ ते १९७४, सहज बाहेर राहतात. त्या काळात काम झालं नाही असं नाही. संस्थेचं नाव वेगळं होतं, एवढंच.

स्थापनेच्या वेळी नावात ‘सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी’ हे शब्द होते. पिण्याचं पाणी, मैलापाणी, त्यातून पसरणारे रोग आणि कारखान्यांचं सांडपाणी हे विषय. त्यामुळे स्थापत्य अभियंता, रसायनशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पहिल्यापासूनच एका छताखाली आले. ‘बहुविद्याशाखीय’ हा जड शब्द पुढे आला. मैलापाण्याला कुणा एका शाखेचं होऊन चालत नाही, हे त्यांना कामामुळेच कळलेलं होतं.

१९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणावरची परिषद झाली, १९७४ च्या मार्चमध्ये जलप्रदूषणाचा कायदा आला आणि त्याच वर्षी नावातलं ‘सार्वजनिक आरोग्य’ जाऊन ‘पर्यावरण’ आलं. या बदलावर दोन मतं आहेत. एक असं, की नव्या शब्दाबरोबर हवा, आवाज, परिसंस्था हे सगळं कक्षेत आलं, म्हणजे संस्था वाढली. दुसरं असं, की ‘आरोग्य’ गेलं तसा गावातला नळ आणि संडास मागे पडला आणि मोठ्या प्रकल्पांच्या फायली पुढे आल्या. मला दुसऱ्या मतात तथ्य वाटतं, पण त्याचं सगळं खापर नावावर फोडता येत नाही. संस्थेच्या स्वतःच्या नियतकालिकाचं नाव साठच्या दशकातच ‘एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ’ असं होतं. म्हणजे ‘पर्यावरण’ आधीच घरात आलेलं होतं, तेही आरोग्याचा हात धरून. पाटीवर मात्र ते एकटंच चढलं.

खरा गुंता इथून सुरू होतो. या नियतकालिकाच्या नावापुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘इंडियन जर्नल’ लागलं आणि २००४ च्या सुमारास ‘हेल्थ’ जाऊन ‘सायन्स अँड इंजिनिअरिंग’ आलं. एक नियतकालिक, तीन नावं. संस्था एक, नावं दोन, आणि दोन्हींची आद्याक्षरं प्रत्येकाने आपल्या मनाने लिहिलेली. शिवाय मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद इथे विभागीय प्रयोगशाळा. तिथल्या निबंधावर पत्ता तिथलाच. डेटाबेसात ‘नागपूर’ टाकून शोधणाऱ्याला हे निबंध दिसत नाहीत, आणि नवं नाव टाकून शोधणाऱ्याला जुने दिसत नाहीत. मग दोन माणसं एकाच संस्थेच्या निबंधांचे दोन आकडे काढतात आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात.

ग्रंथालयाच्या जुन्या कार्ड कॅटलॉगात यावर साधा उपाय होता. लाकडी खणात तीन बाय पाच इंचांचं कार्ड. जुन्या नावाच्या कार्डावर लिहायचं, ‘पुढील नोंदींसाठी अमुक नाव पाहा’; नव्या नावाच्या कार्डावर उलट, ‘आधीच्या नोंदींसाठी तमुक पाहा’. दोन ओळींचं काम. कार्डं संगणकावर चढवताना या ‘पाहा’वाल्या ओळी बिनकामाच्या समजून गाळल्या गेल्या, की पुढचा गोंधळ ठरलेलाच. निबंधांची मोजदाद करायला बसलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे आजही तीच कार्डं मनातल्या मनात पुन्हा लिहिण्यात जातात.

नावाने केलेली आणखी एक गंमत म्हणजे ‘नलगोंडा तंत्र’. पाण्यातलं फ्लोराइड काढायची ही पद्धत नागपूरच्या संस्थेने बसवली, पण नाव मिळालं ते तेव्हाच्या आंध्रातल्या फ्लोराइडग्रस्त जिल्ह्याचं. पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. घरगुती प्रकारात बादलीला तळाच्या जरा वर तोटी बसवतात, म्हणजे गाळ खालीच राहतो. १९७५ मध्ये त्यावरचा सविस्तर निबंध संस्थेच्याच नियतकालिकात आला. तंत्र पूर्व आफ्रिकेपर्यंत गेलं. त्यात दोषही आहेत : गाळ बराच पडतो, तुरटीचं प्रमाण चुकलं तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरतं, आणि रोज मोजूनमापून घालायचा कंटाळा हा सगळ्यात मोठा. तरी चंद्रपूर-यवतमाळकडे फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेली माणसं पाहिलेल्याला या बादलीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. जगभरच्या निबंधांत उल्लेख होतो तो नलगोंड्याचा. नागपूर असलंच तर तळटीपेत.

निबंधांच्या रकान्यात मुळीच न बसणारी गोष्ट म्हणजे अहवाल. १९९६ हे एकच वर्ष घ्या. ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या पालार नदीकाठच्या चामड्याच्या कारखान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानलं गेलं. ३० डिसेंबरला ताजमहालाच्या परिसरातल्या २९२ उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळण्याचा, नाहीतर तिथून हलण्याचा आदेश झाला. दोन्हीकडे न्यायालयापुढे नागपूरचे अहवाल होते. निबंधांच्या हिशेबात या अहवालांची सायटेशन (उद्धृत होणं) शून्य, इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकाचे निबंध सरासरी किती उद्धृत होतात तो आकडा) लागू नाही. पण एखादी भट्टी कोळशावर चालेल की नाही, हे त्यांनी ठरवायला मदत केली.

अर्थात अहवाल म्हणजे निबंध नव्हे. निबंध त्रयस्थ परीक्षकाच्या हाताखालून जातो. अहवाल मागवणाऱ्याच्या टेबलावर जातो. १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल याचा आधीच अभ्यास, सक्तीचं केलं. तेव्हापासून ज्याचा प्रकल्प त्यानेच पैसे देऊन अभ्यास करून घ्यायचा, ही रीत पडली. २००६ च्या नव्या अधिसूचनेनेही ती मोडली नाही. अभ्यासक कितीही सचोटीचा असला तरी या व्यवस्थेत संशय त्याच्या पाठीशी लागतोच. म्हणून अहवाल आणि निबंध एका बेरजेत घालू नयेत. पण बेरजेत बसत नाहीत म्हणून अहवाल सोडून द्यायचे, हेही मला पटत नाही.

अलीकडचा नमुना फटाक्यांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच मुभा दिली, आणि ‘हरित फटाके’ घराघरात माहीत झाले. सूक्ष्म कणांचं प्रदूषण साधारण तीस टक्क्यांनी कमी व्हावं, अशी ती नागपूरच्या संस्थेची सूत्रं. ती करार करून उत्पादकांना दिली गेली. करारातलं सूत्र नियतकालिकात छापून मोकळं होता येत नाही, म्हणून निबंधाच्या रकान्यात हे काम बारीकच दिसतं. उलट दिवाळीत दुकानातल्या खोक्यावर क्यूआर कोडसोबत जी हिरवी खूण असते, ती कुठल्याही निबंधापेक्षा जास्त लोकांच्या हातात गेली. तीस टक्के कमी म्हणजे सत्तर टक्के शिल्लक, हे गिऱ्हाईक खोका घेताना विचारात घेत नाही, ती गोष्ट वेगळी.

दरम्यान मोजपट्ट्या वाढतच गेल्या. २००५ मध्ये एच-इंडेक्स (निबंध किती आणि ते किती उद्धृत झाले, हे एकाच आकड्यात सांगणारी मोजपट्टी) आला, २०१६ पासून देशातल्या विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची सरकारी क्रमवारी सुरू झाली. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. नागपुरात पीएच.डी. करणाऱ्याला पूर्वी ज्या निबंधासाठी लेखकाला पत्र टाकून रिप्रिंट मागवावी लागे, तो आता दोन क्लिकवर उघडतो. पालारचा आणि ताजचा अहवाल मात्र त्या तेरा हजारांत सापडणार नाही. तो कुणा प्रकाशकाने छापलेलाच नव्हता.