ताणलेल्या तारेवरील वस्तुमानाची लघु आंदोलने

दोन्ही टोकांना घट्ट बांधून ताणलेल्या हलक्या तारेवर एखादे छोटे वस्तुमान पक्के बसवले आणि ते तारेला काटकोनात किंचित ओढून सोडले, तर ते मूळ स्थितीभोवती सरल आवर्त गतीने, म्हणजे मागे खेचणारे बल मूळ जागेपासूनच्या अंतराच्या प्रमाणात असणाऱ्या पुढे-मागे गतीने, आंदोलू लागते. मूळ जागी दोन्ही बाजूंचे ताण एका रेषेत असल्याने एकमेकांना तोलतात. वस्तुमान बाजूला सरताच त्या रेषेला कोन पडतो आणि दोन्ही ताणांचे लहानसे घटक त्याला मागे खेचतात.

यात ‘लघु’ हा शब्द कळीचा आहे. विस्थापन (मूळ जागेपासून सरकलेले अंतर) अल्प असताना तारेच्या लांबीतील वाढ विस्थापनाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे नगण्य असते. त्यामुळे ताण स्थिर मानता येतो आणि मागे खेचणारे बल विस्थापनाच्या सम प्रमाणात येते. आधी ताण न देता नुसती सरळ बांधलेली तार घेतल्यास हेच बल विस्थापनाच्या घनाच्या प्रमाणात जाते, आणि मग आवर्तकाल (एका पूर्ण आंदोलनाला लागणारा वेळ) परमप्रसराप्रमाणे, म्हणजे सर्वाधिक विस्थापनाप्रमाणे, बदलतो.

वस्तुमान आणि त्याची दोन्ही टोकांपासूनची अंतरे यांच्या गुणाकाराला ताण व तारेची लांबी यांच्या गुणाकाराने भागावे. भागाकाराच्या वर्गमूळाला पायच्या दुपटीने गुणले की आवर्तकाल मिळतो. ५० न्यूटन ताणाच्या १ मीटर तारेच्या मध्यावर २० ग्रॅमचा मणी बसवल्यास सेकंदाला सुमारे १६ आंदोलने होतात. मणी पाव लांबीवर सरकवल्यास ती १८ च्या वर जातात. तार पोलादी व १ मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचे स्वतःचे वजन सुमारे ६ ग्रॅम भरते. त्यातील तिसरा हिस्सा मण्यात मिळवला की मध्यावरची संख्या १५ च्या आसपास उतरते. तानपुऱ्याच्या तारेत मात्र सगळे वस्तुमान लांबीभर पसरलेले असल्याने हे गणित तिला लावू नये.

गोव्यात दिवाळीला अंगणातल्या दोन माडांमध्ये बांधलेल्या तारेला आकाशकंदील लावला की तारेला झोळ पडतो. अशी तार वर-खाली हलताना तिची लांबी लगेच बदलते, म्हणून त्या दिशेला ताण स्थिर मानणे चुकीचे ठरते. आडव्या झोक्यात तसे होत नाही: दोन्ही गाठी एका उंचीवर असून तारेलगत घट्ट बांधलेला लहान कंदील झोळाएवढ्या लांबीच्या लंबकासारखा झुलतो, आणि झोळ २० सेंटीमीटर असल्यास त्याच्या एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे ०.९ सेकंद लागतात.